मागचा होकार

१

मोठा ट्रेलर ओढायला दोन माणसं लागतात. एक स्टेअरिंगवर आणि एक मागे. एकट्यानं ओढणारे शहाणे पुष्कळ आहेत, त्यांची त्यांना लखलाभ. मी चोवीस वर्षं पिकअपच्या मागे जनावरांचा ट्रेलर लावून चालवतोय आणि आजवर माझ्या गाडीतली एक गाय कधी लंगडी होऊन उतरलेली नाही. ते उगीच नाही.

आमच्या यार्डात निघण्याआधी होकार घ्यायची पद्धत आहे. ती मीच पाडली. पुढचा माणूस गाडीत बसून एकेक विचारतो आणि मागचा बघून सांगतो. पिन? आहे. साखळ्या? आहेत. तार? आहे. टायर? दिवे? दार? ट्रेलरच्या दांड्याचा कप पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसला की वर खटका पडतो. तो खटका उचलला जाऊ नये म्हणून त्यात करंगळीएवढी पिन घालायची असते. खाली दोन साखळ्या, एकमेकींवरून फुलीसारख्या टाकलेल्या. मग ती बारीक तार. ट्रेलर सुटलाच तर ती खेचली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. गाडीत बसलेल्याला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. आरशात फक्त ट्रेलरचं पोट दिसतं. सगळं बघून झालं की मागचा माणूस मागच्या दारावर तळहातानं दोन थापा मारतो आणि म्हणतो, चल नीघ.

यात दोन नियम. होकार घेतलेल्यानं खात्री करायला खाली उतरायचं नाही. उतरलात तर मागच्याला तोंडावर खोटारडा म्हणाल्यासारखं होतं. आणि दिलेला होकार परत घ्यायचा नाही. "आहे, अरे नाही नाही, थांब" असला पोरखेळ चालत नाही. जे सांगायचं ते नीट बघून, एकदाच. या दुसऱ्या नियमावरून मी दोन माणसांना यार्डातून हाकलायला लावलंय.

माझ्या साडूला हे सगळं मीच शिकवलं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सहा वर्षांपूर्वी त्याचं फरशीचं दुकान बुडालं, तेव्हा बायको रोज रात्री माझ्या डोक्याशी भुणभुण करायची, की त्यांना तुमच्या मालकाकडे चिकटवा. चिकटवला. त्याला तेव्हा ट्रेलर मागे घेता येत नव्हता. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, एवढं कळायला बाबाला आठ दिवस लागले. जड जनावरं पुढे आणि हलकी मागे, नाहीतर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, हे मीच सांगितलं. शेपूट हलवायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, पाय उचलायचा आणि हातानं फक्त ट्रेलरचा ब्रेक ओढायचा, हेही मीच घोकून घेतलं. तो मला दादा म्हणायचा. अजून म्हणतो.

२

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात ते खोटं नाही.

मालकानं नवा ट्रेलर आणला. बारा जनावरांचा, चार चाकांचा, आत दोन मधली दारं, वर हवेसाठी झडपा. त्याच्यापुढे लावायला नवी पिकअपही आणली. आठवडाभर दोन्ही शेडमध्ये उभी होती. मी रोज सकाळी जाऊन तिच्या दारावरची धूळ रुमालानं पुसायचो. मालक बघून हसायचा आणि मी समजायचो, ठरलं.

सोमवारी मालकानं सगळ्यांसमोर किल्ली काढली आणि साडूच्या हातात ठेवली. म्हणाला, "जनावरं याच्यामागे काठीशिवाय चढतात. मोठा ट्रेलर यालाच."

आणि ते खरं होतं, तीच तर आग. मी फळी टाकली की गाय चार पाय रोवून उभी राहायची आणि मग माझा आवाज चढायचा. साडू नुसता पुढे चालत जायचा, काहीतरी पुटपुटत, आणि त्या त्याच्यामागे शाळेतल्या पोरींसारख्या ओळीनं आत जायच्या. मी त्याला एकदा विचारलं की काय पुटपुटतोस. म्हणाला, "काही नाही दादा, घरचंच सांगतो, आज भाजी काय होती वगैरे." याला काय म्हणायचं!

माझ्याकडे जुना चार जनावरांचा डबा राहिला. मालक म्हणाला, "तुमचं वय झालं, आता जवळच्या फेऱ्या करा." वय झालं! त्याच्याहून मी दोन वर्षांनी लहान आहे.

घरी सांगितलं तर बायकोचा चेहरा खुलला. "धाकटीचं नशीब उघडलं बाई," म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्हालाही बरंच की, आपलंच माणूस आहे." मी ताट सरकवलं आणि उठलो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तीस वर्षांच्या संसारात माझं नाव काढताना या बाईचा चेहरा असा कधी खुलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडू नव्या गाडीत बसला आणि त्यानं खिडकीतून हाक मारली, "दादा, होकार?"

मी ऐकलं. आणि सरळ ऑफिसात जाऊन खुर्चीत बसलो. म्हटलं, एवढी मोठी गाडी चालवतोस, उतर आणि तूच बघ. थोड्या वेळानं नवं इंजिन सुरू झाल्याचं आणि फाटकातून बाहेर गेल्याचं ऐकू आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

३

पाच-सहा दिवस हेच चाललं. सकाळी त्याची हाक यायची आणि मी ऑफिसात वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. तोही हट्टी, रोज हाक मारायचाच. माझ्या डब्यासाठी मला होकार लागत नव्हता. चार जनावरांचा तर डबा. मीच उतरायचो, मीच बघायचो. साडूनं एकदा विचारलं, "दादा, मागे थांबू का तुमच्या?" मी म्हटलं, "नको."

रविवारी तो आणि मेहुणी घरी आले. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, मला वाटलं होतं तुम्ही रागावणार. पण तुमचं मन मोठं."

"का रे, काय झालं?"

"रोज सकाळी होकार देता ना. ते सुद्धा एवढ्या आपुलकीनं. मला फार धीर येतो हो. एवढा मोठा ट्रेलर, पहिले दोन दिवस माझे हात थरथरत होते."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं टोमणा मारतोय. पण टोमणा मारण्याएवढी अक्कल त्याला नाही. सरळ माणूस आहे तो, हीच त्याची खोड.

"काय म्हणतो मी?" मी विचारलं.

तो हसला. "काय म्हणता म्हणजे? आहे म्हणता. आणि शेवटी, सावकाश जा रे, वाट बघतोय."

असलं वाक्य मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. स्वतःच्या पोरीला सासरी पाठवतानाही नाही. मी विचार केला, यार्डात सकाळी असतं कोण? मालक नऊला येतो. पहारेकरी फाटकावर, त्याला एका कानानं ऐकू येत नाही आणि पिन कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नाही. दुसरे दोन ड्रायव्हर पहाटेच निघून जातात. राहिलो मी, आणि मी तर ऑफिसात.

बायको आतून म्हणाली, "ऐकलं हो मी. मला सांगायचं तरी!" आणि कधी नव्हे ती माझ्या पुढ्यात साखर जरा जास्तच घातलेला चहा ठेवला. मी तो चहा प्यायलो.

४

सोमवारी मी ऑफिसात गेलोच नाही. यार्डाच्या कडेला सामानाची खोली आहे, जुने टायर, ग्रीसचे डबे, दोर. तिच्या खिडकीची एक काच फुटलीय. तिथून मोठ्या ट्रेलरची एक अख्खी बाजू दिसते. पलीकडची दिसत नाही. मी टायरवर बसलो आणि डोळा लावला.

सात वाजले होते. स्वच्छ उजेड. साडूनं जनावरं चढवली, मधली दारं लावली, कप गोळ्यावर बसवला, मग गाडीत जाऊन बसला. आरसा नीट केला. ऑफिसच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "दादा, होकार? पिन?"

"आहे."

माझा आवाज. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू आला की ओळखू येत नाही म्हणतात. मला आला. आदल्या रात्रीपासून माझा घसा बसला होता, आणि तो आवाजही बसलेला होता. ट्रेलरच्या पलीकडून येत होता, पुढच्या टोकाकडून, जिथे मी उभा राहायचो बरोबर तिथूनच.

"साखळ्या?"

"आहेत. फुली नीट पडलीय."

मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ओठ मिटलेले होते. मग खाली वाकलो, खिडकीच्या तळाशी डोळा नेला, म्हणजे ट्रेलरच्या पोटाखालून पलीकडचं दिसेल. चाकांच्या मधून गमबूट दिसले. दोन. पुढून मागे चालत येणारे. डाव्या बुटाच्या चवड्यावर सायकलच्या ट्यूबचं लाल ठिगळ.

ते ठिगळ मी लावलंय. मी माझ्या पायांकडे बघितलं. बूट माझ्या पायातच होते, ठिगळासकट.

"टायर?" "आहेत." "दिवे?" "लागतायत." प्रत्येक ठिकाणी ते बूट थांबत होते. माणूस खरोखर वाकून बघतो तेव्हा टाचा जशा उचलतात तशा उचलत होते. मग ते मागच्या दाराशी गेले आणि चाकांआड झाले. दारावर दोन थापा पडल्या. पत्रा वाजला, धूळ उडाली. "चल नीघ. सावकाश जा रे, वाट बघतोय."

गाडी गेली. मी धावत बाहेर आलो तर यार्ड रिकामं. फक्त पहारेकरी फाटक लावत होता. त्यानं मला बघून हात केला, रोजच्यासारखा. ओल्या चिखलात बुटांचे ठसे होते, ट्रेलरच्या लांबीएवढे. मी पाय ठेवून बघितला. बसला. म्हटलं, त्यात काय, रोज इथे मीच फिरतो, ठसे माझेच असणार. आवाजाचं म्हणाल तर समोर पत्र्याची शेड आहे, आवाज घुमतो. साडू स्वतःच दोन्ही बाजू बोलत असेल. जनावरांशी भाजीबद्दल बोलणारा माणूस, त्याचं काय सांगावं. आणि बूट? बुटांचं मला काही सुचेना.

मी घाबरलो होतो, हे कबूल. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी जळत होतं आणि मला ते ओळखू यायला दुपार झाली. तो जो कोणी होता, तो माझ्यापेक्षा चांगला होकार देत होता. चोवीस वर्षांत फुली नीट पडलीय असं मी कधी सांगितलं नव्हतं. कुणाची वाट बघतोय असंही नाही.

५

कुणाला सांगायचं? आणि काय सांगायचं? की मी होकार देत नाही, माझ्यासारखा कोणीतरी देतो? म्हणजे आधी हे कबूल करायचं की मी आठ दिवस ऑफिसात रुसून बसलो होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिकडे माझं कौतुक वाढतच चाललं. मालक म्हणाला, "तुमच्याबद्दल माझा गैरसमज होता. लहान माणसाच्या मागे असं उभं राहायला काळीज लागतं." पहारेकरी म्हणाला, "साहेब, हल्ली सकाळी तुमचा आवाज कसा गोड लागतो." त्याच्या एका कानाला सुद्धा! मेहुणीनं माझ्यासाठी लोकरीची टोपी विणून पाठवली. बायको रात्री माझ्याशी बोलायला लागली, उगीचच, इकडचं तिकडचं. मी हूं हूं करत पडून राहायचो आणि मनात म्हणायचो, हे मला नाही बोलत. हे त्याला बोलतेय.

एक दिवस मी माझ्या डब्यात चार वासरं भरली आणि गाडीत बसलो. आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं. मग खिडकीतून मोठ्यानं विचारलं, "पिन?"

काही नाही. मागे वासरं पाय हलवत होती.

"साखळ्या?" मी पुन्हा विचारलं. माझा आवाज शेडवर आपटला आणि विरून गेला. मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेवटी तर विनवणी केल्यासारखं. मला होकार द्यायला कोणी आलं नाही. मग मी उतरलो आणि स्वतःच सगळं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागानं.

त्या दिवशी मी ठरवलं. उद्यापासून मागे मी उभा राहणार. माझ्या आवाजावर, माझ्या बुटांवर दुसऱ्यानं का मिरवावं? मनाची समजूत घालायला कारणही चांगलं सापडलं. हे जे काय आहे ते आज खरं सांगतंय, उद्या खोटं सांगेल. पिन नसताना आहे म्हणेल आणि माझ्या साडूचा जीव घेईल. त्याला वाचवायचं तर मलाच उभं राहायला पाहिजे. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की झोपताना मला ते खरंच वाटत होतं.

६

बारा गाभण गाई होत्या. लांबची फेरी, दुपारच्या आत पोचायचं, आणि वाटेत अकरा किलोमीटरवर मोठा उतार. साडू कप बसवत असताना मालकाचा फोन आला. तो एका हातानं फोन धरून हो हो म्हणत दुसऱ्या हातानं साखळ्या लावत होता. फोन संपला तसा तो गाईंना पाणी दाखवायला गेला आणि मग सरळ गाडीत जाऊन बसला.

मी आधीच ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी येऊन उभा होतो. अलीकडच्या बाजूला. पलीकडे कोणी आहे का म्हणून वाकून बघितलं. कोणी नव्हतं. माझी छाती फुगली.

"दादा, होकार? पिन?"

मी खाली बघितलं. खटका पडलेला होता. पिन त्यात नव्हती. तिच्या दोरीला लटकत होती आणि जराशी हलत होती.

नाही. दोन अक्षरं. मी तोंड उघडलं ते तेच म्हणायला, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या वेळी माझ्या मनात त्याचा मृत्यू नव्हता. मनात होती ती किल्ली. साखळ्या आहेत, तार आहे, ट्रेलर काही सुटून जाणार नाही. उतारावर कप उडेल, दणका बसेल, नव्या गाडीला पोचा पडेल, साडूची बोबडी वळेल आणि मालक म्हणेल, मोठा ट्रेलर याच्या आवाक्यातला नव्हे. सुंठेवाचून खोकला जाईल. एवढं सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं.

"आहे," मी म्हणालो.

मग त्यानं साखळ्या विचारल्या. मी वाकून बघितलं आणि खरं सांगितलं. तार विचारली, टायर विचारले, दिवे विचारले, दार विचारलं. सगळ्यांना मी नीट बघून खरं उत्तर दिलं. म्हणजे पाच वेळा मला थांबता आलं असतं. दारावर दोन थापा मारल्या. "चल नीघ," म्हणालो. पुढचं वाक्य माझ्या तोंडून आलं नाही.

गाडी हलली. आणि ट्रेलरच्या पोटाखालून मला ते बूट दिसले. पलीकडच्या बाजूनं, मागून पुढे, धावत होते. चिखल उडवत, घसरत, पुन्हा सावरत. लाल ठिगळ खालीवर होत होतं. त्याच वेळी बाराच्या बारा गाई एकदम हंबरायला लागल्या आणि त्या गोंगाटात कोणीतरी ओरडत होतं. शब्द कळला नाही. मला वाटलं, आला. खोटं बोलायला आला, आणि त्याच्याआधी मीच... मी पुढचा विचार केला नाही.

ट्रेलर फाटकातून वळला. पलीकडची बाजू उघडी पडली. तिथे कोणी नव्हतं.

माझा तळहात थापांनी झणझणत होता. खिशात फोन होता. अकरा किलोमीटर म्हणजे भरल्या गाडीला वीस मिनिटं. मी माझ्या डब्याला पाण्याचा पाइप लावला आणि तो धुवायला लागलो. तो स्वच्छच होता. तरी धुतला.

७

हॉस्पिटलातली खोली छोटी होती आणि आम्ही सगळे तिच्यात दाटीनं उभे होतो. मालक खिडकीशी, मेहुणी पलंगावर पायथ्याशी, बायको तिच्या खांद्यावर हात ठेवून. साडूचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला होता. चादर तिथे सपाट होती. पाच गाई गेल्या होत्या, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तो हळूहळू बोलत होता. उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागला. "तुम्ही शिकवलं तसंच केलं दादा. ब्रेक नाही दाबला. पाय उचलला, हातानं ट्रेलरचा ब्रेक ओढला. सरळ झाला होता. मग खड्डा आला आणि कप उडाला. साखळ्यांनी धरला, पण त्यानं मागून धडक दिली आणि गाडी चरात गेली. डॉक्टर म्हणतात, वेग कमी होता म्हणून जीव वाचला. म्हणजे तुमच्यामुळेच."

मी भिंतीला टेकलो.

"पिन राहिली माझ्याकडून," तो म्हणाला. "फोनच्या नादात."

मालकानं खाकरून विचारलं, "पण होकार घेतला होतास ना?"

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता.

"घेतला होता," साडू म्हणाला. "दादांच्या तोंडून चुकून आहे गेलं. पण चूक लगेच लक्षात आली त्यांच्या. मी निघालो तसे ते माझ्या बाजूनं ओरडत धावत आले. नाही, पिन नाही, थांब. मी ऐकलं मालक. अगदी स्पष्ट ऐकलं. पण दिलेला होकार दादा कधी परत घेत नाहीत, अख्ख्या यार्डाला ठाऊक आहे. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे, चेष्टा करतायत. मी हसलो आणि गाडी दामटली." तो थांबला. "आरशात दिसलात दादा. दोन्ही हात वर करून धावत होतात. आणि रडत होतात हो. लहान पोरासारखे. माझ्यासाठी असं कोणी रडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं मला की ही चेष्टा नाही."

मेहुणी उठली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावून रडायला लागली. बायको माझ्याकडे बघत होती. ज्या नजरेसाठी मी तीस वर्षं या बाईच्या घरात जेवलो, भांडलो, रुसलो, ती नजर. पोटात पुन्हा तेच जळायला लागलं. कारण ती माझ्यासाठी नव्हती. चिखलात धावणाऱ्या त्या दुसऱ्यासाठी होती, आणि तो आता कुठे होता कोण जाणे. माझ्या जागी तो उभा असता तर त्यानं पहिल्याच हाकेला नाही म्हटलं असतं. रोज तो उभा राहायचा. त्या एका दिवशी मी उभा राहिलो.

अजूनही बोलता आलं असतं. खोलीत कोणी घाईत नव्हतं.

"माफ करा दादा," साडू म्हणाला. "मी तुमचं ऐकलं नाही."

मी पलंगाजवळ गेलो. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज जरा बसलेला होता, तो मी नीट केला.

"ऐकायला हवं होतंस रे," मी म्हणालो.